माझ्या ताटातल्या लाह्या

आमच्या घरात काय खायचं आणि कशाने अंग धुवायचं हे शेतावर ठरायचं बंद झालं, तेव्हापासून ते गाळ्यावर ठरू लागलं. कशेळीची आमची भाताची जमीन बाबांनी भराव घालून सपाट केली, तिच्यावर पत्र्याचे गाळे उभे केले आणि कंपन्यांना भाड्याने दिले. भाडेकरू त्यात माल ठेवायचे, आणि फाटलेलं पोतं, दबलेला खोका, ओल लागलेला माल असा जो असेल तो मालकाच्या घरी धाडायचे. एक वर्ष आम्ही सगळ्यांनी एकाच वासाच्या शाम्पूने केस धुतले. आईने म्हशीलाही त्यानेच धुतलं, आणि ती म्हैस विकेपर्यंत गोठ्याला लिंबाचा वास होता. एक वर्ष घरात इतक्या बॅटऱ्या होत्या की अंधारात हात घालावा तिथे बॅटरी लागायची, फक्त सेल नसायचे. ज्या वर्षाचं मी लिहिते आहे त्या वर्षी कोपऱ्यातल्या गाळ्यात लाह्यांचा मका होता.

पहिलं पोतं आलं तेव्हा आई म्हणाली, कोंबड्यांचं खाणं आलं. दाणे बारीक होते, कणसाच्या दाण्यासारखे चपटे नाहीत, गोल, घट्ट, पिवळे. कोंबड्यांनी दोन चोची मारल्या आणि निघून गेल्या. आईने थोडे दळायला पाठवले तर त्या पिठाची भाकरी थापताना तुटे. मग मलाच सुचलं की जत्रेत कागदाच्या कोनात मिळतात त्या लाह्या ह्याच्याच असणार. मी टोप तापत ठेवला आणि त्यात मूठभर मका टाकला. झाकण ठेवायचं असतं हे मला माहीत नव्हतं. पहिला दाणा फुटून आईच्या कपाळावर बसला. नंतरचे फडताळावर, पाण्याच्या हंड्यात, देवाच्या फोटोमागे. आई पदर डोक्यावर धरून म्हणाली, "बंद कर गो, ह्या घरात आदीच ट्रकांचा आवाज काय कमी हाय?" पण ती हसत होती. खाली पडलेल्या लाह्या वेचून आम्ही दोघींनी तिथेच चुलीपुढे बसून खाल्ल्या.

मग मला त्याचा नाद लागला. जाड बुडाचा टोप, तेलाचं बोट फिरवायचं, तेवढंच. मीठ आणि चिमटीभर हळद दाण्याबरोबरच टाकायची, नंतर टाकली तर चिकटत नाही. झाकणावर वरवंटा. आधी काहीच होत नाही, मग एक दाणा फुटतो, मग दुसरा, मग सगळे मिळून असा दंगा करतात की टोप हलतो. आवाज विरळ व्हायला लागला की उतरवायचा. त्या विरळ होण्याकडे कान देऊन बसणं मला फार आवडायचं. आता मी टेमघरला राहते, आमच्या मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालतात, त्यांची खटखट शिफ्ट संपली तरी संपत नाही. लाह्या मात्र आपल्या आपण थांबतात. संध्याकाळी पाण्याचा हंडा भरून झाला, दिवा लागला, की मी आणि आई ओटीवर बसायचो, मध्ये परात. समोर गाळ्यांच्या रस्त्यावर ट्रक मागे घ्यायचे, त्यांचं ते पिपाणीसारखं गाणं वाजायचं आणि हमाल ओरडायचे, आने दे, आने दे, बस. आई म्हणायची, ह्या खाल्ल्यात काय आन न खाल्ल्यात काय, पोटाला कळतपन न्हाय. आणि परत हात घालायची. त्या वेळेला आमच्याकडे कुणी काही मागत नसे. दिवसातली तेवढीच वेळ माझी होती.

बाकी दिवस घराचा. गावची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे. बाबा म्हणाले, ट्रकांचा रस्ता, पोरीची जात, कशाला जीव टांगणीला. माझा दादूस, म्हणजे मोठा भाऊ, तोच रस्ता ओलांडून शिकला, पुढे मोटारसायकलवरून ठाण्याच्या कॉलेजात जाऊ लागला. ट्रक त्याच्यासाठी बाजूला होत असावेत. हे मी तेव्हा मनातही म्हटलं नव्हतं. मी बोलायची नाहीच. चार माणसं आली की मी आत जाऊन उभी राहायची, आणि लोक म्हणायचे, रंजू गुणाची आहे. गुण म्हणजे माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, एवढाच.

दादूसचं लग्न होऊन वहिनी ठाण्याहून आली होती. बारावी शिकलेली, काडीसारखी. ती वाईट नव्हती. हे आधीच सांगते, कारण सगळं तिच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यापासून सुरू झालं. गाळ्यावरून एकदा पोत्याऐवजी छापील खोका आला. त्यावर लाह्यांचा डोंगर आणि शेजारी कमरेवर हात ठेवलेली बारीक बाई. वहिनीने ओटीवर बसून त्यावरचं इंग्रजी वाचलं आणि म्हणाली, "अगं, हे तर लो कॅलरी आहे. ठाण्याला बायका बारीक होण्यासाठी हेच खातात."

आईने विचारलं, "कॅलरी म्हंजी काय ते?"

"अन्नातली ताकद म्हणा. ती कमी असली की माणूस जाड होत नाही."

"ताकद कमी असलेलं अन्न मुद्दाम कोन खातं बाय?" आई म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. मला आजही वाटतं की त्या घरात त्या दिवशी तेवढाच एक शहाणा प्रश्न विचारला गेला.

पण दादूस दारात उभा राहून ऐकत होता. त्याच आठवड्यात ठाण्याच्या एका स्थळाने माझा फोटो परत पाठवला होता. मध्यस्थ तोंड खाली घालून सांगून गेला होता की मुलगी तब्येतीने जास्त वाटते. तब्येतीने जास्त. मी आईसारखी होते. आमची माणसं मूळची खाडीची आणि शेताची. आमच्या बायकांनी डोक्यावरून मीठ वाहिलं, भाताचे भारे वाहिले, चिखलात गुडघाभर उभ्या राहून लावणी केली. आईला बघायला आले होते तेव्हा तिच्या सासऱ्याने तिला भाताचं पोतं उचलायला लावलं आणि तिने ते उचललं म्हणून तिथल्या तिथे सुपारी फुटली. आई हे अभिमानाने सांगायची. तेच खांदे, तेच दंड माझ्याकडे आले तेव्हा मात्र जमीन गेली होती, पोतं उचलायला हमाल होते, आणि घराला बारीक मुलगी हवी होती. माझ्या अंगात काही बदललं नव्हतं. बदलली होती ती बाबांची जमीन. शिक्षा मला.

त्या रात्री पानं मांडली तेव्हा दादूस म्हणाला, "आजपासून रंजूला रातीचा भात न्हाय."

आईने वाढता हात थांबवला. "मंग काय देऊ?"

"लाह्या. तिला आवडतात ना? तिच्या आवडीचंच सांगतोय मी."

बाबांनी मान वर केली नाही. बोंबलाच्या काट्याशी खेळत ते म्हणाले, "लगीन जमेपर्यंतचा प्रश्न हाय. पोरीनं तेवढं करावं."

माझ्या पुढ्यात ताटच आलं. मला वाटलं होतं की वाटी असेल, जेवणानंतर खायची. पण ताटच होतं, तांदळाच्या भाकरीसाठी असतं ते मोठं, आणि त्यात भाताच्या जागी लाह्या, मीठसुद्धा वहिनीने काढायला लावलेलं. शेजारी भावाच्या ताटात बोंबलाचं कालवण, वर तरंगणारं लाल तेल, गरम भाकरी. लाह्या कोरड्या, कालवणाचा वास ओला. मी एक एक लाही तोंडात टाकत होते आणि प्रत्येक चावण्याचा आवाज त्या शांततेत सगळ्यांना ऐकू जात होता. दादूस म्हणाला, "बघ, कशी खातंय. मी बोललो न्हवतो, आवडेल तिला." मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की आपली आवड लोकांना सांगू नये. ती आपल्याच गळ्यात बांधतात.

हे पुढे रोज. दुपारी एक भाकरी, रात्री लाह्या. दिवसाचं काम तसंच, कपडे तसेच, पाणी तसंच, गाळ्यावर बाबांना डबा घेऊन जाणं तसंच. भूक मला रात्री झोपताना लागायची नाही, ती लागायची पहाटे चूल पेटवताना. इतरांसाठी भाकऱ्या थापायच्या आणि तव्यावर फुगणाऱ्या भाकरीकडे बघायचं. ओटीवरची संध्याकाळ संपली. परात मध्ये ठेवून बसावं असं मला आता वाटेना, आणि आईलाही धीर होईना. जी वस्तू मी शोधून काढली, जिच्यावर मी हसले, तिचं त्यांनी औषध करून टाकलं. उपाशी ठेवलं ह्यापेक्षा ह्याचा राग मला आजही जास्त येतो.

आई काही करत नव्हती असं नाही. ती तिच्या परीने चोरी करायची. सुका जवळा तव्यावर कुरकुरीत भाजायचा, त्यात तिखट, चिंचेचा कोळ, आणि तो लाह्यांच्या खाली ताटात पसरायचा. वरून बघणाऱ्याला पांढरंच दिसे. मी खाली बोट घातलं की जवळा लागायचा. वहिनीला बहुतेक ते ठाऊक होतं, तिने कधी बोलून दाखवलं नाही. एकदा दादूस हुंगत म्हणाला, "लाह्यांना वास कसला येतोय?"

"मक्याचा," आई म्हणाली.

"मक्याला सुक्या म्हावऱ्याचा वास?"

"मंग जवळाच हाय तो. जवळा कुठं जाडा करतो? सगळ्यात बारीक म्हावरा तो." आईने हे अगदी गंभीरपणे सांगितलं. वहिनी हसू दाबायला आत पळाली. दादूस हसला नाही. त्याने ताट तिरकं करून जवळा एका बाजूला सरकवला आणि कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी तो मात्र खाल्ला.

त्यानंतर त्याने काट्याचं काढलं. म्हणाला, घरात कोण काय चारतंय ते कळत नाही, तर वजनच बघू. गाळ्यात पोती मोजायचा मोठा काटा होता, जमिनीलगत लोखंडी फळी आणि बाजूला उभा दांडा. दर रविवारी सकाळी माल उतरायच्या आधी मला तिथे न्यायचं ठरलं. पहिल्या रविवारी उशीर झाला आणि माल उतरायला लागलेला होता. मी म्हटलं, नंतर येऊ. म्हटलं म्हणजे हळू म्हटलं, त्याने ऐकलं नाही. "चढ गो, एक मिनटाचं काम," म्हणत त्याने एक पोतं काट्यावरून ढकललं आणि मला चढवलं. चप्पल काढायला लावली. फळीवर मक्याची धूळ होती, पायाला थंड लागली. काट्याजवळचा माणूस सवयीने वागला. त्याच्या काट्यावर जे चढेल त्याचा आकडा तो मोठ्याने ओरडायचा, कारण लिहिणारा लांब टेबलावर बसलेला असे. त्याने माझाही आकडा ओरडला. लिहिणाऱ्याने तो लिहून घेतला की काय कोण जाणे. हमाल पोती पाठीवर घेऊन उभे होते. त्यांच्यातला एक वयाने मोठा होता, तो बाकीच्यांना म्हणाला, "अरे, उधर देखो सब." सगळ्यांनी पत्र्याकडे तोंडं केली. पाठीवर ओझं घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली ती माणसं मला अजून दिसतात. तो आकडा त्या दिवशी इतक्या जणांनी ऐकला की मी इथे तो पुन्हा लिहिणार नाही.

परत येताना दादूस म्हणाला, "कमी होईल. लाज वाटली म्हंजी लवकर कमी होतं."

मी घरी येऊन पाय धुतले, बराच वेळ धुतले. आईने विचारलं काय झालं. मी काही नाही म्हटलं. त्या वर्षात मी किती वेळा काही नाही म्हटलं असेन. ज्यांना पोरी आहेत त्यांना सांगावंसं वाटतं की पोर काही नाही म्हणते तेव्हा घरात बघावं, काय आहे ते. पण मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तेव्हा राहू दे.

मग दिघाशीचं स्थळ आलं. त्यांची शेती अजून होती, म्हशी होत्या, भिवंडीला दूध घालायचे. दादूसला ते फारसं पसंत नव्हतं, त्याला ठाण्याचा मेहुणा हवा होता. पण बाबा म्हणाले, माणसं आपली हायत, येऊ दे. मला ते पसंत होतं. मुलगा बघितला नव्हता, पण म्हशी, गोठा, चूल, शेत, हे सगळं मला येत होतं. तिथे माझे दंड कुणाला जास्त वाटले नसते. रात्री लाह्या चावताना मी त्या न बघितलेल्या गोठ्यात फिरून यायचे. तिथे मी शेण काढते, धार काढते आणि मग बसून पोटभर भात खाते. इतकंच सुख मी मागत होते. मुलाचा चेहरासुद्धा मी त्यात घातला नव्हता.

ते आले तेव्हा मुलगा, त्याचा मामा आणि त्याची आई असे तिघे होते. आई उंच, काळी, हातात हिरव्या बांगड्या, बसल्यावरही पाठ ताठ. वहिनीला वाटलं, पोहे सगळेच देतात, आपण नवीन काहीतरी देऊ. तिने स्टीलच्या वाट्यांत लाह्या भरल्या, वर कोथिंबीर टाकली, आणि मी तो ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईने वाटी हातात घेतली, आत बघितलं, आणि तशीच खाली ठेवली. मामाने दोन खाल्ल्या. मुलगा खाली बघत होता. तो माझ्यासारखाच लाजत होता, हे बघून मला बरं वाटलं.

बाबांनी घराचं, गाळ्यांचं सांगितलं. मामाने विचारलं, पोरीला काय काय येतं. आई म्हणाली, सगळं येतं, पहाटे उठते. तेवढ्यात दादूसला वाटलं असणार की आपण सुधारलेले आहोत हेही कळायला पाहिजे. तो म्हणाला, "आन खानं एकदम कंट्रोलमधी. रातीची जेवत न्हाय ती. निस्त्या लाह्या खाते."

मुलाच्या आईने खाली ठेवलेल्या वाटीकडे परत बघितलं. "लाह्या?"

"रोज," दादूस म्हणाला. "कवापासून."

"आमच्याकं लाह्या नागोबाला ठेवतात," ती म्हणाली, "न्हायतर ज्याचं पोट बिघडलं त्याला देतात. पोरीला काय होतंय?"

"काय होत न्हाय मावशी. ते डायट हाय."

"त्ये पोटाचंच असतं काय?"

वहिनी मध्ये पडली, "नाही हो, त्यात कॅलरी कमी असते, म्हणून." मामाने मुलाच्या आईकडे बघितलं. तिने हाताने सगळ्यांना थांबवलं, मला जवळ बोलावून बसवलं आणि माझं मनगट धरलं, वैद्य धरतो तसं. तिचा हात खरखरीत होता, आईच्या हातासारखा. माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "पोरी, तुला भूक लागते काय?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही. आईला ठाऊक होतं म्हणून तिने विचारलं नसेल. पण ठाऊक असणं आणि विचारणं ह्यात फार फरक आहे. मी म्हटलं, "लागते."

"मंग जेवत का न्हाय?"

माझ्या पाठीमागे दादूस खाकरला. मला कळलं की आता मी लाजून मान खाली घालावी, एवढंच काम आहे. तेच मला येत होतं. पण ते मनगट तिने सोडलेलं नव्हतं. मी म्हटलं, "देत न्हाईत."

मी ओरडले नाही, रडले नाही. मला तिला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. विचारलं ते सांगितलं. बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याचं गाणं पूर्ण वाजून थांबलं. मग मुलाच्या आईने माझा हात हळूच माझ्याच मांडीवर ठेवला आणि मुलाला म्हणाली, "उठ रे."

बाबा दारापर्यंत गेले, असं नाही तसं नाही म्हणत. तिने उंबऱ्यात उभं राहून माझ्या आईला सांगितलं, बाबांना नाही. "बाय, आमी म्हशीपुढंबी पेंड टाकताना हात आखडत न्हाय. एवढे गाळे तुमचे. पोरीचा घास मोजनारं घर आमाला नको."

गावात लोक हे सांगताना म्हणत की त्या बाईने रंजूची बाजू घेतली. मला ते पटत नाही. तिने विचारलं म्हणून मी तिची आठवण मानाने काढते. पण बाजू घेतली असती तर तिने मला नेलं असतं. तिला घर नको झालं, आणि त्या घराबरोबर तिने मलाही टाकलं. ती पायरी उतरून गेली, आणि तो गोठा, ती धार, तो पोटभर भात, सगळं तिच्या पदराला धरून गेलं. मी खरं बोलले त्याची किंमत मी एकटीने दिली. ज्यांनी उपाशी ठेवलं त्यांची फक्त मान खाली गेली, तीही थोडे दिवस.

दार लागल्यावर दादूस माझ्या अंगावर आला. "तोंडात जीब हाय हे आजच दाखवायचं होतं? लोकांपुढं?"

बाबा म्हणाले, "घराची अब्रू घालवलीस." लाह्यांच्या वाट्या तशाच भरलेल्या होत्या, कोथिंबीर सुकायला लागली होती.

आई आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मग तिने हाक मारली, "रंजू, बस इथं." मी बघायच्या कार्यक्रमाची साडी नेसलेली, तशीच चुलीपुढे बसले. तिने ताट वाढलं. भात, त्यावर कालवण, दोन भाकऱ्या, बोंबलाचे मधले जाड तुकडे, जे नेहमी बाबांच्या ताटात जात. दादूस दारात येऊन म्हणाला, "आये, बाबांचं व्हायचं हाय अजून."

"होईल," आई म्हणाली. "तू भायेर हो."

मी जेवले. साडीच्या पदरावर कालवण सांडलं, ते डाग पुढे कधी गेले नाहीत. आई समोर बसून बघत होती. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल. चुकलं असं म्हणेल. ती म्हणाली, "सावकाश, काटा लागंल." आमच्या घरात ह्यापेक्षा जास्त कुणी कुणाला म्हटलं नाही, आणि त्या दिवशीही नाही. पण त्या रात्रीपासून माझ्या ताटात भात आला. काट्यावर मला परत कुणी नेलं नाही, मीही गेले नसते. पावसाळ्यानंतर मक्याचा भाडेकरू गेला आणि त्या गाळ्यात पंखे आले.

दिघाशीहून मात्र गोष्ट परत कशेळीत आली, आणि येताना बदलून आली. कुणी म्हणे, पोरीला पोटाचं दुखणं आहे. कुणी म्हणे, ती तोंडाळ आहे. म्हणजे मी आधी जाडी होते, मग आजारी झाले, मग तोंडाळ. ह्यातलं एकही मी नव्हते. मी भुकेली होते. ते कुणीच म्हटलं नाही. त्यापायी दोन स्थळं बाहेरूनच वळली. शेवटी टेमघरचे आले, लूमच्या सुट्या भागांचं लहानसं दुकान, साधी माणसं. त्यांनी मला काय खाते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लग्नात लाजाहोमाला भावाने बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात, साळीच्या. दादूसने घातल्या, मुठी भरभरून, ओंजळीतून सांडेपर्यंत. फोटोवाल्याने त्याला परत घालायला लावल्या, फोटो नीट यावा म्हणून. त्या दिवशी त्याने माप ठेवलं नाही. आणि त्या सगळ्या अग्नीत टाकायच्या होत्या.

मी माझ्या घरी पुन्हा लाह्या करायला लागले त्याला फार वर्षं लागली. माझ्या मुलीने हट्ट धरला म्हणून पहिल्यांदा केल्या. आता करते. तेलाचं बोट, मीठ, हळद, झाकणावर वरवंटा. मुलगी म्हणते, आई, ह्याने वजन वाढत नाही. मी तिला म्हणते, तुला आवडतात का? तेवढं सांग. आवडत असतील तर खा, आणि मग जेवायला ये.

हे लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यातलं आहे. कशेळीला गेले होते. दादूसला आता साखरेचा त्रास आहे, गुडघे धरलेत. डॉक्टरने रात्रीचा भात बंद केलाय, आणि वहिनी त्याला संध्याकाळी वाटीभर लाह्या देते, कोरड्या. त्याचा नवा जावई आला होता. ओटीवर सगळे बसलेले. दादूस वाटी मांडीवर घेऊन ती गोष्ट सांगायला लागला. तो ती प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीला सांगतो. "ह्या आमच्या रंजूनं दोन शब्दांत स्थळ घालवलं. काय म्हनली माहितंय? देत न्हाईत." तो माझा आवाज काढतो, बारीक. सगळे हसतात. मीही दरवेळी मान खाली घालून हसत आले आहे.

जावई नवीन होता, त्याला कुठे हसायचं माहीत नव्हतं. तो साधेपणाने म्हणाला, "मग खरंच देत नव्हते का?"

दादूस म्हणाला, "अरे तसं न्हाय रे, तिच्याच भल्यासाठी."

जावई माझ्याकडे बघत होता. त्या बाईनंतर हे मला विचारणारा तो दुसरा माणूस. मी म्हटलं, "देत नव्हते. आन काट्यावर चढवून हमालांपुढं वजन करायचे. ते हा सांगत न्हाय."

हसणारे थांबले. वहिनीने खालची परात उगाच उचलून आत नेली. दादूस वाटीत बोट फिरवत राहिला. वरच्या लाह्या संपल्या होत्या, तळाला न फुटलेले गणंग राहिले होते, ते वाजत होते. काही वेळाने जावई फोन आला म्हणून उठला, पोरं पांगली, आम्ही दोघंच उरलो. समोर ट्रक मागे येत होता. दादूस रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "रंजू, जवळा भाजून टाक ना गो जरा ह्यात. निस्तं जात न्हाय घशाखाली."

आईची जवळ्याची बरणी अजून त्याच फडताळात असते, खालच्या खणात, डाव्या हाताला. अंधारातही मला सापडली असती.

"न्हाय जात," मी म्हटलं. "मना माहीत हाय." आणि बसून राहिले.